गोतीर्थाचं गायरान

ऑक्सफर्डला पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याचा एक प्रश्न ठरलेला असतो. "ते सगळं ठीक आहे, पण विद्यापीठ कुठे आहे?" पुण्यात कसं, गणेशखिंडीतल्या फाटकातून आत शिरलं की आपण विद्यापीठात पोचलो असं म्हणता येतं. इथे तशी सोय नाही. चाळीसेक कॉलेजं आणि त्यांच्यामध्ये विखुरलेल्या प्रयोगशाळा, ग्रंथालयं, छापखाना हे सगळं मिळून विद्यापीठ. दुकानं, बसस्टॉप आणि चर्च यांच्या मधेमधे ते घुसलेलं आहे. प्रत्येक जुन्या कॉलेजला दगडी भिंत, तिच्यात एक भलंमोठं लाकडी दार, दाराशी एक चौकी आणि चौकीत पोर्टर. बाहेर पाटी: आज आत येता येईल की नाही, कधी, आणि बऱ्याच ठिकाणी किती पैसे पडतील.

तेव्हा मंडळी, आज कॉलेजांबद्दल फारसं लिहीत नाही. त्याची पुस्तकं ढिगाने मिळतात. आज एका पायी फेरीबद्दल लिहायचं आहे. सात-आठ किलोमीटर, पूर्ण सपाट, चढ म्हणावा तर कालव्यावरच्या आणि रेल्वेवरच्या पुलाचा. रमतगमत गेलं तर तीन-साडेतीन तास. आमच्या आईबाबांच्या वयाच्या लोकांनाही सहज जमेल. फक्त पायात चिखलाला न घाबरणारे बूट हवेत. शहराच्या मध्यावर सुरू होऊन ही वाट गाईगुरांत जाऊन संपते, आणि वाटेत आपल्याकडची बरीच माणसं भेटतात.

आधी नावाची गोष्ट. ऑक्सफर्ड म्हणजे बैलांना नदी ओलांडता येईल असा उतार. मॅक्सम्युलरने ऋग्वेदाची सायणभाष्यासकट आवृत्ती छापली (सहा खंड, 1849 ते 1874), तेव्हा संस्कृत मुखपृष्ठावर त्याने गावाच्या नावाचंही भाषांतर करून टाकलं: गोतीर्थ. तीर्थ म्हणजे मुळात नदीत उतरायची, पार व्हायची जागा, हे आपण विसरून गेलोय. स्वतःला त्याने गोतीर्थनिवासी मोक्षमूलरभट्ट म्हणवून घेतलं. भट्टांनी आयुष्यात भारतात पाऊल टाकलं नाही, पण नावं ठेवण्यात (चांगल्या अर्थाने!) आपल्याला मागे टाकलं.

सुरुवात ब्रॉड स्ट्रीटच्या पूर्व टोकापासून करावी. कोपऱ्यावर एक पिवळसर दगडाची गोलसर इमारत आहे. मान वर करून पाहिलं तर तिच्या घुमटीवर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबडा नाही, अंबारीसकट हत्ती आहे. ही जुनी इंडियन इन्स्टिट्यूट. 1883 च्या मे महिन्यात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिची पायाभरणी झाली, बांधकाम टप्प्याटप्प्याने 1896 पर्यंत चाललं. प्रवेशाशी चक्क देवनागरी अक्षरांत संस्कृत लेख आहे. ही उभी केली मोनियर विल्यम्सने. हो, तोच, संस्कृत-इंग्रजी कोशवाला. आणि तो जन्माने मुंबईकर, 1819 चा.

त्याच्या खुर्चीची गोष्टही मुंबईशीच जोडलेली. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातला लेफ्टनंट कर्नल जोसेफ बोडन 1811 मध्ये वारला. त्याने आपली इस्टेट ऑक्सफर्डला संस्कृतच्या प्राध्यापकपदासाठी ठेवली. हेतू सरळ लिहिलेला होता: संस्कृत शिकून भारतीयांना ख्रिस्ती करणं सोपं व्हावं. 1832 मध्ये पहिला प्राध्यापक नेमला गेला. तो गेल्यावर 1860 मध्ये निवडणूक झाली, मोनियर विल्यम्स विरुद्ध मॅक्सम्युलर. मतदार कोण, तर विद्यापीठाचे सगळे एम. ए. झालेले पदवीधर. त्यातल्या बहुतेकांना संस्कृतचं एक अक्षर येत नव्हतं. गावोगावचे पाद्री आगगाडीत बसून मत द्यायला आले आणि 833 विरुद्ध 610 मतांनी मोनियर विल्यम्स निवडून आला. मॅक्सम्युलर जर्मन होता, आणि त्याची धर्ममतं फार सैल आहेत असं लोकांना वाटत होतं. विद्वत्तेचा प्रश्न बाजूलाच राहिला.

इन्स्टिट्यूटसाठी मोनियर विल्यम्स भारतात फिरला, राजेरजवाड्यांकडून देणग्या गोळा केल्या. देणगीदारांना वाटलं असेल, गोतीर्थात आपलं एक घर झालं. पण 1968 मध्ये विद्यापीठाला इमारत दुसऱ्या कामासाठी हवी होती, तेव्हा तिच्यातलं ग्रंथालय उचलून दुसरीकडे नेण्यात आलं. विरोधही झाला, पण उपयोग झाला नाही. हत्ती तेवढा वर राहिला. देणगी दिली की दात्याचा संबंध संपतो. पुढचं सगळं घेणाऱ्याच्या मर्जीवर. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथून हॉलीवेल स्ट्रीटने सरळ पुढे गेलं की सेंट क्रॉस चर्चशेजारी हॉलीवेलचं कबरस्तान लागतं. 1847 मध्ये सुरू झालेलं. आज तिथे झाडोरा मुद्दाम वाढू दिलाय, गवत फुलू देतात, आणि पक्ष्यांचा आवाज रस्त्यावरच्या गाड्यांपेक्षा मोठा वाटतो. या झाडीत मॅक्सम्युलर झोपलाय. तो 28 ऑक्टोबर 1900 ला गेला. त्याच्या आधी तीन वर्षं, 1897 मध्ये, टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची सक्तमजुरी झाली होती. टिळकांचं 'ओरायन' तोवर प्रसिद्ध झालेलं होतं (1893). वेदांवर लिहिणारा माणूस तुरुंगात आहे म्हटल्यावर म्हाताऱ्याने आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांना पाठवली, आणि सुटकेच्या अर्जावर सर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी वगैरेंबरोबर सहीही केली. टिळक मुदतीआधी, सप्टेंबर 1898 मध्ये सुटले. तुरुंगातल्या त्या वाचनातून पुढे त्यांचा आर्यांच्या उत्तर ध्रुवाकडच्या मूलस्थानावरचा ग्रंथ आला, 1903 मध्ये. त्या सिद्धांताला आज कोणी मानत नाही, तो भाग वेगळा. पण केसरीच्या संपादकाला गोतीर्थातून पोथी जाते, ही गोष्ट त्या झाडीत उभं राहिल्यावर फार जवळची वाटते.

कबरस्तानातून बाहेर पडून उत्तरेला युनिव्हर्सिटी पार्क्सकडे जावं. मोठाल्या झाडांचं, क्रिकेटच्या मैदानाचं हे उद्यान दिवसा सगळ्यांना खुलं असतं. अंधार पडायच्या सुमाराला फाटकं बंद होतात, कारण मालक विद्यापीठ. उद्यान ओलांडून पलीकडच्या अंगाला निघालं की नॉरॅम गार्डन्स नावाचा शांत रस्ता लागतो. सात नंबरच्या घरात मॅक्सम्युलर राहायचा.

या घरात 1883 च्या शरद ऋतूत पंडिता रमाबाई आल्या होत्या. तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाची सोय करून, लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला आल्या होत्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं. ऐकू कमी येत असल्यामुळे ते झालं नाही. इथून पंचवीस किलोमीटरच्या आत असलेल्या वाँटेज गावात जोगिणींच्या मठात त्या राहत. बरोबर आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिने तिथेच आत्महत्या केली. सप्टेंबरअखेर रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या या घरी राहायला आल्या तेव्हा इतक्या हादरलेल्या होत्या की रात्री त्यांच्या खोलीत झोपायला एक मोलकरीण द्यावी लागे, असं मॅक्सम्युलरने पुढे लिहून ठेवलंय.

रमाबाईंबद्दल आपण एरवी वाचतो ते त्यांच्या वादांबद्दल. पुण्याने त्यांना काय म्हटलं, त्यांनी पुण्याला काय म्हटलं. या रस्त्यावर मात्र मला आठवते ती परक्या देशातली, मैत्रीण गमावलेली, अंधाराला घाबरणारी एक बाई. भागवताचे श्लोक तोंडपाठ असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली. ऑक्सफर्डने तिला मायेने ठेवून घेतलं, पण पाहुणी म्हणून. त्या वेळच्या ऑक्सफर्डात बाईला, मग ती कितीही मोठी पंडिता असो, पदवी मिळण्याची सोयच नव्हती.

त्याचा पुरावा पुढच्याच वळणावर आहे. बॅनबरी रोडने थोडं खाली येऊन लिट्ल क्लॅरेंडन स्ट्रीटने वॉल्टन स्ट्रीटवर आलं की सॉमरव्हिल कॉलेज. मुलींसाठी 1879 मध्ये सुरू झालेलं. इथे 1889 मध्ये कॉर्नेलिया सोराबजी आली. जन्म नाशिकचा, 1866 चा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. तिथे पहिली येऊनही विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळाली नाही, कारण ती मुलगी होती. मग इंग्लंडमधल्या काही बायकांनी वर्गणी काढून तिला आणलं. कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेला 1892 मध्ये ती बसली, ऑक्सफर्डात ही परीक्षा देणारी पहिली स्त्री. त्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. ती पास झाली. पदवी? ती 1922 मध्ये, तीस वर्षांनी, कारण बायकांना पदवी द्यायचा नियमच 1920 मध्ये झाला.

खास ठराव म्हणजे कृपा. नियम म्हणजे हक्क. या दोन शब्दांतलं अंतर कॉर्नेलियाने तीस वर्षं भोगलं.

समोरच रस्त्याच्या पलीकडे खांबांची मोठी इमारत दिसते, ती ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस. छापखाना इथे 1830 पासून आहे. मॅक्सम्युलर 1848 मध्ये या गावात आला तोच मुळी ऋग्वेदाच्या छपाईवर देखरेख करायला. मागचा जेरिको भाग म्हणजे एके काळची छापखान्याच्या कामगारांची वस्ती, बुटक्या विटांच्या घरांच्या रांगा. त्यांच्यासाठी सेंट बार्नबस चर्च बांधायला पैसे दिले ते छापखान्याचाच प्रमुख टॉमस कोंब याने. त्याचा मनोरा लक्षात ठेवा, कुरणातून पुन्हा दिसेल.

आता इथे उभं राहून एक जुनी मारामारी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. 10 फेब्रुवारी 1355. कारफॅक्स चौकातल्या एका दारूच्या दुकानात दोन विद्यार्थ्यांनी दारू वाईट आहे म्हणून मालकाशी भांडण काढलं. त्यातून गावकरी आणि विद्यार्थी यांच्यात तीन दिवस दंगल झाली, दोन्हीकडची माणसं मेली. राजाने बाजू घेतली विद्यापीठाची. गावातल्या पाव-बिअरच्या दरावरचा अधिकार विद्यापीठाकडे गेला. शिवाय महापौराने आणि नागरिकांनी दरवर्षी चर्चमध्ये जाऊन 63 पेन्स दंड भरायचा, मेलेल्या विद्यार्थ्यामागे एक पेनी, ही विद्यापीठाची गणती. हा प्रकार 1825 पर्यंत, पावणेपाचशे वर्षं चालला. म्हणजे या गावाच्या बाजारावर, तोंडच्या घासावर विद्यापीठाचा वचक होता.

पण गावाच्या गुरांच्या तोंडचा घास मात्र त्यांना काढता आला नाही.

वॉल्टन स्ट्रीट संपता संपता वॉल्टन वेल रोडने डावीकडे वळायचं. कालवा, मग रेल्वे, आणि पुलावरून खाली उतरलं की एकदम समोर काहीच नाही. भिंत नाही, दार नाही, पोर्टर नाही. नुसतं सपाट हिरवं गवत, त्यात चरणाऱ्या गाई, सुटे घोडे, आणि लांबवर थेम्स. हे पोर्ट मेडो. शेजारच्या वुल्व्हरकोटच्या कुरणासकट दीडशे हेक्टरांहून मोठं. (पोर्ट म्हणजे इथे बंदर नाही, जुन्या इंग्रजीत बाजाराचं गाव. म्हणजे गावकुरण.) ताम्रयुगानंतरच्या कांस्ययुगातली दफनाची उंचवट्यांची वर्तुळं इथे आहेत, लोहयुगातल्या वस्त्यांच्या खुणा आहेत, आणि त्या उरल्या कारण या जमिनीला हजारो वर्षांत नांगर लागलेला नाही असं मानतात.

विल्यम राजाने 1086 मध्ये करवसुलीसाठी देशभराची मोजदाद केली, तिच्यात या कुरणाची नोंद आहे: ऑक्सफर्डच्या सगळ्या नागरिकांचं तटाबाहेर सामायिक कुरण, सहा शिलिंग आठ पेन्स उत्पन्नाचं. आपल्या भाषेत सांगायचं तर गायरान. म्हणजे विद्यापीठ नीट आकाराला यायच्या आधीपासून हे आहे. गावचे 'फ्रीमन' आणि वुल्व्हरकोटचे हक्कदार यांना इथे गुरं चारायचा हक्क, आणि तो आजही बजावला जातो. वर्षातून एकदा शहराचा शेरीफ सगळी जनावरं गोळा करवतो. हक्क नसताना कोणी जनावर सोडलं असेल तर दंड! आपल्याकडचा कोंडवाडाच की.

हे असं टिकणं सोपं नव्हतं. इंग्लंडात सतराव्या शतकापासून 1914 पर्यंत पार्लमेंटने पाच हजारांवर कायदे करून 68 लाख एकर सामायिक जमीन कुंपणात घातली. जमीन मोठ्या मालकांच्या नावावर गेली, आणि चार मेंढ्या, एक गाय यांवर जगणारा माणूस मजूर झाला. ऑक्सफर्डच्या ईशान्येला ऑटमूर नावाची पाणथळ आहे. तिच्याभोवती कुंपणं पडली तेव्हा आसपासच्या गावांनी रात्री जाऊन ती उखडली. 6 सप्टेंबर 1830 ला घोडेस्वार शिपाई चाळीसेक जणांना पकडून ऑक्सफर्डच्या तुरुंगाकडे घेऊन निघाले. नेमकी सेंट जाइल्सची जत्रा भरली होती. जत्रेतल्या गर्दीने विटा-धोंडे मारून शिपायांना हटवलं आणि सगळे कैदी सोडवले. आज आपण ज्या सेंट जाइल्स रस्त्याच्या टोकावरून वळून आलो, तिथली ही गोष्ट. ऑटमूरला कुंपण पडलंच. आता त्याच्या काही भागात पक्ष्यांचं अभयारण्य आहे.

पोर्ट मेडो वाचलं, कारण ते कोणा एकाचं नव्हतं. शेकडो हक्कदार, प्रत्येकाचा हक्क लहान, पण सहज बाजूला सारता येणार नाही असा. इंडियन इन्स्टिट्यूटला असं कोणी नव्हतं.

आत शिरल्यावर उजवीकडे बर्जेस फील्ड नावाचं छोटं निसर्गराखीव आहे. तिथली माती जरा उंच आणि लाटांसारखी वाटते. का, तर एके काळी शहराचा कचरा इथे टाकत. भराव झाकून झाडं लावली, आता तिथे झुडपांत गाणारे पक्षी आणि उन्हाळ्यात फुलपाखरं. तासाभराच्या आत आरामात फेरी होते. मग पुन्हा कुरणात येऊन नदीकडे चालायचं. हिवाळ्यात निम्मं कुरण पाण्याखाली जातं आणि बदकं, हंस, रानगीझ उतरतात. पूर आणि गुरांचे खूर यांमुळेच इथे सरपटत वाढणारी एक फार दुर्मिळ पाणवनस्पती टिकून आहे. गवत उंच झालं की ती मरते. म्हणजे चराई थांबवून निसर्ग वाचवू म्हटलं तर इथला निसर्ग संपेल! संरक्षित क्षेत्राचा दर्जा आहे, आणि गुरंही आहेत, दोन्ही एकत्र.

मागे वळून पाहिलं की सेंट बार्नबसचा मनोरा दिसतो, पण पूर्वीसारखा नाही. 2012-13 मध्ये विद्यापीठाने कुरणाच्या कडेला विद्यार्थ्यांसाठी उंच इमारती बांधल्या. मोठी चळवळ झाली. वरचे मजले उतरवायचे का, यावर 2015 मध्ये विद्यापीठातल्या लोकांचं मतदान झालं आणि मजले राहिले. चरायचा हक्क जमीन वाचवतो, क्षितिज नाही वाचवत.

मेडलीच्या पादचारी पुलावरून पलीकडे गेलं की नदीकाठची वाट थेट गॉडस्टोला नेते. 4 जुलै 1862 ला याच पाण्यातून एक गणिताचा मास्तर तीन मुलींना होडीतून घेऊन जात होता, आणि त्यांच्या हट्टाखातर त्याने अॅलिसची गोष्ट रचायला सुरुवात केली. वाटेच्या शेवटी गॉडस्टोच्या जोगिणींच्या मठाचे भग्नावशेष आहेत, बाराव्या शतकातले. श्रीमंत मठ होता, राजांच्या देणग्यांवर वाढलेला. 1539 मध्ये आठव्या हेन्रीच्या आज्ञेने बंद झाला. आता चार भिंती उरल्यात आणि आत गाई बसतात. राजाने दिलं, राजाने नेलं. नदीपलीकडचं गायरान त्याच्याही आधीचं, आणि अजून आहे.

फार गोड चित्र रंगवत नाही. तो चराईचा हक्कही सगळ्यांचा नव्हता. फ्रीमन व्हायचं तर वडील फ्रीमन हवेत किंवा त्यांच्याकडे उमेदवारी केलेली हवी, आणि शतकानुशतकं ते पुरुषच. नोंदलेल्या सामायिक जमिनीवर कोणालाही पायी हिंडता यावं हा सरसकट कायदा 2000 मध्ये झाला. आज नाशिकहून आलेली मुलगी इथे कोणाला न विचारता चालू शकते, ती हक्काने. पाहुणी म्हणून नाही.

आणि आपली गायरानं? सातबाऱ्यावर सरकारचं नाव, वापर गावाचा. त्यांच्यावर कारखाने आले, सरकारी कचेऱ्या आल्या, पुढाऱ्यांच्या संस्था आल्या. दुसरीकडे ज्यांना गावाने कधीच जमीन दिली नाही अशी माणसंही पोटासाठी ती कसू लागली. दादासाहेब गायकवाडांचे 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह त्याच भुकेतून उठले. जानेवारी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा असं सगळ्या राज्यांना सांगितलं, पण भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींसाठी अपवाद ठेवला. हा अपवाद मला फार महत्त्वाचा वाटतो. गायरान बळकावणारा आणि गायरानावर जगणारा, दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही.

गॉडस्टोहून पूल ओलांडून वुल्व्हरकोट गाव दहा-पंधरा मिनिटांवर आहे, तिथून शहरात परत यायला बस मिळते. गावाकडच्या मंडळींना मात्र एक विनंती. आपल्या गावचं गायरान किती एकर होतं, आता किती उरलंय आणि त्यावर काय उभं आहे, हे घरातल्या थोरांना विचारून ठेवा. 1086 सालची ती एक ओळ कोणीतरी लिहून ठेवली होती, म्हणून पुढच्यांना दाखवता आली.